खुंट्याची जागा

खोटं बोललात तुम्ही, साहेब. चौकशीला आलेल्या माणसांसमोर, पंख्याखाली बसून, कपाळावर घामाचा थेंब न येऊ देता खोटं बोललात. दोराला चारच माणसं होती म्हणालात. पाचवा कोणी नव्हताच म्हणालात. वळू बिथरला, माणसांनी हलगर्जी केली, व्हायचं ते झालं, असं म्हणून तुम्ही त्या दुपारचं तोंड वरून शिवून टाकलंत. तुमच्या खुर्चीला कोण विचारणार, अशी तुमची खात्री. म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगायचं आहे. ऐकायचं नसेल तर कान झाका. पण कान झाकायला तळवे लागतात, आणि तुमच्या तळव्यांकडे आपण शेवटी येणारच आहोत.

तुमच्या वळूकेंद्राच्या मागच्या फाटकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक इस्पितळ आहे. बैठं, लांबट. शस्त्रक्रियेची खोली एकच. तिच्या दाराची रबरी पट्टी कायम सुटलेली, दार ढकललं की ती कुत्र्याच्या जिभेसारखी लोंबते. तिथं एक बाई सर्जन आहे. सगळे तिला सर्जनबाई म्हणतात, तोंडावरही आणि पाठीमागेही. वळूकेंद्राच्या शेजारामुळं शिंगाच्या जखमा तिच्या हाताखालून इतक्या गेल्या की इतर डॉक्टर सर्दीबद्दल बोलतात तशी ती शिंगाबद्दल बोलायची.

शिंगाची जखम लबाड असते. बाहेरून बघाल तर नाण्याएवढं भोक, रक्तही बेताचंच. माणूस स्वतःच्या पायांनी चालत येतो आणि म्हणतो, बाई, दोन टाके घाला, मला कामावर जायचंय. आणि आत सगळा इस्कोट. कारण वळू शिंग घुसवून थांबत नाही, घुसवल्यावर मान झटकतो. आत शिरताना वाट एकच असते. आत गेल्यावर तिला फाटे फुटतात. एखादा वर फासळ्यांकडे, एखादा खाली ओटीपोटात, एखादा मागं कण्याच्या दिशेनं. म्हणून सर्जनबाईचं ठरलेलं असायचं. पोट मधोमध उघडायचं, आणि शिंग जिथं जिथं गेलं तिथं तिथं बोट घालून जायचं. आणि बाहेरचं भोक वरून कधीच शिवायचं नाही. शिंगाबरोबर माती, शेण, केस, गवताची कुसळं सगळं आत जातं. तोंड बंद केलं की ते आत कुजतं. तोंड उघडं ठेवायचं, नळी ठेवायची, घाण बाहेर येऊ द्यायची.

नव्यानं आलेल्या डॉक्टरांना ती सांगायची, "वाट संपली असं वाटलं ना, की अजून एक बोटभर पुढं जायचं."

तिचा धाकटा भाऊ तुमच्याकडेच कामाला. एका आईची दोन लेकरं. एक पुस्तकात डोकं घालून बसली, दुसरा गोठ्यात. "ताई, तू फाटलेली माणसं शिव, मी न फाटलेले बैल सांभाळतो," असं तो म्हणायचा. ती म्हणायची, "तुझ्या बैलांवरच माझं दुकान चालतं." भावजय वैतागायची. "तुम्हा बहीणभावंडांना दुसरं काही सुचत नाही का? जेवताना तरी आतडी नकोत." मग दोघं हसायची आणि मुद्दाम आणखी दोन वाक्यं आतड्यांवरच बोलायची.

दोराचं काम कसं चालतं हे तुम्हाला सांगायला नको. पण बाकीच्यांना ठाऊक नाही, म्हणून सांगावं लागतं. मोठा वळू हलवायचा, तपासायचा किंवा जमिनीवर आडवा पाडायचा असेल तर त्याच्या वेसणीचा दोर एका खांबाच्या कडीतून ओढून घेतात. कडीच्या एका बाजूला वळूचं डोकं, दुसऱ्या बाजूला माणसं. एकामागं एक, पुढच्याच्या पाठीला मागच्याचं पोट टेकेल इतकी जवळ. खांबाजवळचा पहिला, तो मोहरा. सगळ्यात शेवटचा, जो दोर कमरेला गुंडाळून टाचा रोवतो, तो खुंटा. सगळं वजन खुंट्यावर असतं. मागं वळून बघायची कोणालाच मुभा नाही. मान वळली की पकड ढिली होते. आणि दोर कधी सोडायचा हे फक्त खुंटा ठरवतो. तो "मोकळं!" असं ओरडतो, तेव्हा सगळे एकदम दोर सोडून कुंपणावर चढतात. ती हाक आली नाही तर दोर सोडायचा नाही. हात सोलले तरी नाही, जीव गेला तरी नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण वळूकेंद्रात पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच.

त्या दिवशी पाडायचा होता तो म्हातारा काळा वळू. त्याला माणसं हुजूर म्हणायची. सावलीशिवाय चालायचा नाही, हाक मारली तर ढुंकून बघायचा नाही, म्हणून हुजूर. "आपल्या साहेबापेक्षा हुजूर बरा," असं माणसं म्हणायची. "येताना निदान शिंगं दाखवून येतो."

बघायला पाहुणे आले होते. नेहमीचा खुंटा, तो पिंपासारखा माणूस, त्याला तुम्ही खुर्च्या लावायला पिटाळलंत आणि त्याची जागा स्वतः घेतलीत. इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर करून, पाहुण्यांकडे हात हलवत. तुमच्यापुढं चौथा होता सर्जनबाईचा भाऊ; त्याच्या पाठीला तुमचं पोट टेकलं, तुमच्या अंगाच्या सेंटचा वास त्याला आला. दोर कमरेला गुंडाळायला तुम्ही विसरलात, की सदरा मळेल म्हणून गुंडाळला नाहीत, हे तुम्हालाच ठाऊक.

हुजूरनं एकच हिसका दिला. मागचा वास नाहीसा झाला. हाक आली नाही.

कडीतून दोर सरसरत निघाला आणि चौघांनी तो धरून ठेवला, कारण हाक आली नव्हती. धरून धरून चार माणसं किती धरणार? वळूचं डोकं सुटलं. मोहरा खांबाजवळ होता. पहारेकऱ्यानं गोळी घातली तेव्हा हुजूरचं डावं शिंग मोहऱ्याच्या पोटात होतं, आणि वळू मान झटकायच्या आतच मेला. हे लक्षात ठेवा, साहेब. धडक अर्धीच राहिली होती.

मोहऱ्याला आणला तेव्हा दोराचा तुकडा त्याच्या हातातच होता. बाकीचा दोर सुरीनं कापावा लागला होता.

सर्जनबाईनं पोट उघडलं. भोक डाव्या बाजूला, पट्ट्याच्या किंचित खाली. स्नायू फाटलेले, आतडं दोन जागी फुटलेलं. तिनं फुटका भाग कापून टोकं जोडली, पोट धुतलं, पुन्हा धुतलं. मग शिंगाच्या वाटेनं बोट घातलं. वाट आतड्यांच्या मागं, त्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या मुळापर्यंत गेली आणि थांबली. भिंत लागल्यासारखी. वाट अशी संपत नाही. चिरफळ्या उडतात, रक्त मुरतं, हळूहळू निवळते. ही तशी नव्हती. बोलता बोलता कोणीतरी गप्प व्हावं तशी थांबली होती. त्या जागी तिला शिंगाचा एक काळा टवका सापडला. तिनं तो बाटलीत टाकला. सवय होती तिला.

भूल देणारा डॉक्टर डोक्यापाशी बसला होता. जाडजूड, सतत काहीतरी पुटपुटणारा, सगळे त्याला भूलवाला म्हणत. तो म्हणाला, "बाई, जरा याच्या हातांकडे बघा."

"काय झालं?"

"मी याचा सगळा देह सैल केलाय. श्वाससुद्धा मी देतोय याला. मग मुठी कशा काय आवळलेल्या?"

तिनं मूठ उघडून बघितली. उघडली नाही. भूलवाल्यानं दोन्ही हातांनी जोर लावला. "हत्ती झोपेल एवढं औषध आहे अंगात," तो म्हणाला.

मोहरा वाचला नाही. घाण रक्तात उतरली. त्याला घरच्यांच्या ताब्यात दिला तेव्हाही त्याच्या मुठीत दोर होता.

त्यानंतर गप्प्या. दोराला दुसरा. अखंड बोलायचा म्हणून त्याचं नाव गप्प्या. सकाळी अंघोळ करता करता तो न्हाणीघरातून बायकोला काहीतरी सांगत होता, आणि मधेच थांबला. बायकोनं दार वाजवलं. आत बादली भरून वाहत होती. गप्प्या ओल्या फरशीवर टाचा रोवून, मागं रेलून उभा होता. मग कोसळला.

अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पोट मात्र लाकडासारखं कडक. सर्जनबाईनं पोटाचा एक्स-रे फोटो काढला. हवा नको तिथं हवा. पोट उघडलं. कातडी शाबूत, स्नायू शाबूत, पुढचं आतडं शाबूत. आणि मागं, त्या पडद्याच्या मुळापाशी, फाटलेलं. तिथून एक वाट वर निघालेली, जठराच्या मागून. तिच्यात केस. काळे, आखूड. गवताची कुसळं. आणि एक टवका.

ती थांबली. "हे कुठून आत आलं?" तिनं विचारलं.

सहायक नर्सनं गप्प्याला कुशीवर वळवलं. पाठ बघितली, काखा बघितल्या, जांघा बघितल्या. कुठंच काही नाही.

"मुठी," भूलवाल्यानं न विचारताच सांगितलं. "बंद. आणि बोटांच्या फटीतून बघा. सोललेत तळवे. ताजे."

सर्जनबाई विज्ञानाची बाई. तिनं डोक्यात दहा कारणं जुळवली. जुनी जखम असेल, काहीतरी गिळलं असेल, त्याच दिवशी आत मार बसला असेल आणि आता उसवला असेल. एकही कारण केसांपर्यंत पोचत नव्हतं. मग तिनं बाटली काढली आणि दोन टवके शेजारी शेजारी ठेवले. ते जुळले. फुटलेल्या कपाचे तुकडे जुळतात तसे, रेघही दिसू नये असे. एक शिंगाच्या जाड भागाचा, दुसरा त्याच्या पुढचा, जरा निमुळता.

गप्प्या वाचला. मुठी तशाच. आता तो खरोखरच गप्प असतो. शुद्धीवर आल्यावर एकदाच बोलला. बायको म्हणाली, "अहो, हात सोडा ना." तो म्हणाला, "अजून हाक नाही आली."

तिसऱ्याला जावई म्हणत, कारण तो मुकादमाचा जावई. तो न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता, गळ्याभोवती पांढरं कापड, अर्धी दाढी झालेली. न्हाव्यानं सांगितलं की कापडाखाली त्याचे दोन्ही हात हळूच वर आले आणि कापडाचा तंबू झाला. न्हाव्याला वाटलं खाज सुटली असेल. मग पोटाजवळ कापड एकदा हललं. आतून कोणीतरी मान झटकावी तसं. न्हावी त्या दिवसापासून ती खुर्ची वापरत नाही.

जावई टेबलावरच गेला. तरीही सर्जनबाईनं त्याच्या पोटातली वाट शेवटपर्यंत बघितली. ती सुरू झाली होती जठराच्या मागं, बरोब्बर तिथं, जिथं गप्प्याची संपली होती. यकृताला चाटून वळली होती आणि मागं, डाव्या मूत्रपिंडाच्या दिशेनं आली होती. तिथं थांबली होती. टवका होता. जुळला.

भूलवाला तिच्या खांद्यावरून बघत होता. "तिघांचं मिळून एकच पोट असल्यासारखं आहे हे," तो म्हणाला. मग त्याला आपण काय बोललो ते कळलं असावं. त्यानं मास्क काढून घाम पुसला. "बाई, दोराला चौथा कोण होता?"

तिनं हातमोजे उतरवले. त्याला ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी ती भावाकडे गेली. तो अंगणात बसून बूट साफ करत होता. तिनं त्याचे तळवे बघायला मागितले. स्वच्छ होते. त्या दुपारचे फोडही वाळलेले.

"तुझ्या मागं कोण होतं?"

"ताई, सोड ना. राहतं घर त्यांचं, नोकरी त्यांची."

"घर गेलं तर माझ्याकडे राहशील. कोण होतं?"

त्यानं बुटाला ब्रश मारणं चालूच ठेवलं. "तुला माहीत आहे कोण. सगळ्यांना माहीत आहे. सेंट लावून दोराला कोण येतं?" मग हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगू? मला अजून दोर सोडल्यासारखं वाटत नाही. चमचा धरला तरी वाटतं, दुसरं टोक कोणीतरी ओढतंय."

तेव्हा ती तुमच्याकडे आली, साहेब. आठवतंय ना? लाज वाटत होती तिला. आयुष्यभर लोकांच्या खुळचट समजुतींवर ओरडलेली बाई, आणि आज तुमच्या दारात हे मागायला उभी. बाहेर तुमचा शिपाई स्टुलावर उभा राहून फडक्यानं भिंतीवरची शिंगं पुसत होता. हुजूरची शिंगं. तुम्ही ती लाकडी पाटीवर बसवून खोलीच्या दारावर लावलीत. शौर्याची खूण म्हणून.

तिनं डाव्या शिंगाकडे बघितलं. अख्खं होतं. टवका नाही, चीर नाही, टोक सुईसारखं.

"रोज पुसता?" तिनं विचारलं.

"रोज सकाळी, बाई. ओलं होतं ना हे एक."

"कशानं?"

"ते मला काय माहीत?" शिपाई म्हणाला आणि फडकं घडी करून आतली बाजू झाकली.

आत तुम्ही तिला बसा म्हणालात. चहा मागवलात. तिनं एका दमात सगळं सांगितलं.

"बाई, तुम्ही शिकलेल्या," तुम्ही म्हणालात. "शिकलेल्या माणसानं असलं बोलावं?"

"मी बोलत नाही, विचारते. दोराच्या शेवटाला कोण होतं?"

"कोणी नव्हतं. चौकशीत आलंय सगळं."

"खुंट्याशिवाय दोर लावत नाहीत. तुमच्या फाटकावरचं कुत्रंसुद्धा सांगेल."

"मग कुत्र्यालाच विचारा," तुम्ही म्हणालात आणि स्वतःच्या विनोदावर हसलात.

ती हसली नाही. "माझ्या भावासमोर एकदा उभे राहा. एक शब्द म्हणा. 'मोकळं' म्हणा आणि जा. कोणी काही विचारणार नाही, कोणी लिहून घेणार नाही. मी पण नाही."

"ज्या जागी मी उभाच नव्हतो, त्या जागेची हाक मी कशी देऊ?"

तिचा चहा संपला. तुमचा तसाच राहिला, साय धरली त्याच्यावर. तुम्ही सबंध वेळ टेबलाखालून हात वर काढले नाहीत. निघताना तिनं मुद्दाम हात पुढं केला. तुम्ही नुसती मान डोलावलीत.

मग तिनं भावाला इस्पितळात आणून टाकला. खिडकीजवळची खाट, तिच्या खोलीच्या समोर, दार उघडं. "धडधाकट माणसाला झोपवलंस," तो कुरकुरायचा. "बाजूचे म्हातारे मला कामचुकार म्हणायला लागलेत." ती येता जाता त्याचे तळवे बघायची. पोटाचा फोटो काढायची. काही नव्हतं. शेवटी भूलवालाही म्हणाला, "बाई, बहुतेक थांबलं असावं."

भर दुपार होती. वॉर्डात ऊन आलं होतं, फरशी नुकतीच पुसलेली. भावजय खाटेवर बसून संत्रं सोलत होती. भाऊ तिला म्हणत होता, "बिया काढून दे, मी आजारी आहे ना." ती म्हणाली, "आजारी म्हणे. थोबाड बघ."

तो उत्तर द्यायला तोंड उघडून थांबला.

उठला. डावा पाय पुढं टाकला. टाचा रोवल्या. दोन्ही मुठी छातीसमोर आल्या आणि आवळल्या.

त्याच्या रबरी चपला फरशीवर सरकल्या. करकरत. वीतभर पुढं, भिंतीच्या दिशेनं. तो मागं रेलला होता आणि तरी पुढं चालला होता. मुठींसमोर काहीच नव्हतं. पण ते काहीच नसणं ताणलेलं होतं.

सर्जनबाई धावली. विचार केला नाही तिनं. मागून कंबर धरली, त्याच्या पाठीला पोट टेकवलं, टाचा रोवल्या. आणि ओरडली, "मोकळं!"

वॉर्डातले म्हातारे उठून बसले.

मुठी उघडल्या नाहीत. भावानं मागं बघितलं नाही. दोराला असताना बघत नाहीत. दात आवळून एवढंच म्हणाला, "तू नाही, ताई. त्यांनी म्हणायला हवं."

चपला पुन्हा सरकल्या. आता दोघांच्याही.

मग त्याच्या पाठीला धक्का बसला. आतून.

तिच्या पोटाला, डाव्या बाजूला, पट्ट्याच्या किंचित खाली, काहीतरी टेकलं. टणक. ओलं. गरम. तिथंच राहिलं. एखादं जनावर अनोळखी माणसाला हुंगतं, तेवढा वेळ.

आणि गेलं.

भाऊ तिच्या हातात कोसळला. त्याच्या पाठीवर भोक होतं, कडा बाहेर वळलेल्या.

"तुमचा भाऊ आहे," भूलवाला म्हणाला. "दुसऱ्या कोणाला तरी बोलवा."

"दुसरं कोण आहे इथं? भूल द्या."

वाट डाव्या मूत्रपिंडापासून सुरू झाली. मूत्रपिंड गेलं होतं, तिनं काढलं. पाठीचे स्नायू फाडून वाट बाहेर पडली होती. भिंत नव्हती या वेळी. तिनं अजून एक बोटभर पुढं नेलं. बोट पाठीतून बाहेर, दिव्याच्या उजेडात आलं. टवका पाठीच्या कातडीत अडकला होता. तिनं पाठीचं भोक शिवलं नाही. नळी ठेवली.

हात धुताना तिनं अंगातला एप्रन बघितला. कापड शाबूत. त्याच्यावर एक ओला गोल डाग, आणि डागात चिकटलेला एक काळा, आखूड केस.

भाऊ वाचला. चालतो. भावजय घास भरवते. "म्हातारपणीचं आताच करून घेतोस," असं म्हणून त्याला हसवते आणि मग मोरीत जाऊन रडते. कारण मुठी बंद आहेत, साहेब. त्याच्याही, गप्प्याच्याही. बोटांची नखं वाढताहेत आणि तळव्यात रुतताहेत. सर्जनबाई फटीतून औषधाच्या पट्ट्या सारते. ती म्हणते, असंच चाललं तर हात सडतील, मनगटापासून कापावे लागतील. तिच्या सगळ्या विद्येत त्या मुठी उघडायचं औषध नाही. ते तुमच्या तोंडात आहे.

बाटलीतले टवके आता जोडून ठेवलेत. वीतभर शिंग झालंय. फक्त टोक सापडायचं आहे.

आता नीट ऐका. जे निघालं होतं ते भावाच्या पाठीतून पुढं गेलंय, आणि त्याच्या मागं एकच जागा होती. तुमची जखम बाहेरून येईल. डाव्या बाजूला, पट्ट्याखाली, नाण्याएवढी. किरकोळ वाटेल. कोणीतरी दोन टाके घालतो म्हणेल; घालू देऊ नका. इस्पितळात या. सर्जनबाई टेबलावर कोणालाही घेते, तुम्हालाही घेईल. पण टेबलावर तोंडावर भुलीचा मुखवटा चढतो आणि मग बोलता येत नाही. आणि न बोलता मेलात, तर ती हाक कायमची तुमच्याबरोबर जाईल, आणि ती माणसं दोर धरूनच राहतील.

तुमचा शिपाई भेटला होता. आता शिंगं पुसावी लागत नाहीत म्हणतो. कोरडी असतात. मात्र डाव्याचं टोक कोणीतरी काढून नेलंय.

टेबलाखालून हात काढा, साहेब. तळवे वर करा, आणि सांगा: दोराच्या शेवटाला कोण होतं?